फ्रीझरमधला दाखला

ड्रेमा काउडन दर महिन्याच्या पाच तारखेला फोन करायची. शाळेच्या स्वयंपाकघरातून तीनला सुटली की घरी येऊन बूट काढायचे, सुजलेले पाय समोरच्या खुर्चीवर टाकायचे आणि कर्जाच्या कचेरीचा नंबर लावायचा. हप्ता बँकेतून आपोआप कापू दिला तर व्याज पाव टक्का कमी पडेल, असं पत्र तिला तीनदा आलं होतं. तिन्ही पत्रांच्या पाठी तिने वाणसामानाच्या याद्या करायला वापरल्या.

कारण फोनवर पलीकडून विचारायचे, "कर्ज कुणाच्या शिक्षणासाठी, मॅडम?"

"लॅसी डॉन काउडन."

"लॅसी डॉन काउडन. हो, सापडलं."

तेवढ्यासाठी ती कधी कधी अर्धा तास ते रटाळ संगीत ऐकत बसायची. मग दोनशे बारा डॉलर द्यायची, वर आभारही मानायची.

लॅसी तिची एकुलती एक. नवरा आधीच गेलेला. चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुटीला कॉलेजातून घरी येताना घाटाच्या तिसऱ्या वळणावर लॅसीची गाडी बर्फावरून घसरली आणि खाली ओढ्यात गेली. एकवीस पूर्ण व्हायला नऊ दिवस होते.

त्या आठवड्यात आमच्या दरीतल्या प्रत्येक घरातून ड्रेमाकडे जेवण आलं. काचेची भांडी, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर मालकिणीचं नाव. ती धुऊन ज्याची त्याला परत करता करता नाताळ उजाडला. शेवटचं भांडं गेलं आणि त्यानंतर लॅसीचं नाव कुणी घेतलं नाही. माणसं वाईट नव्हती, उलट जपत होती. बिचारीला लागेल म्हणून चर्चमध्ये हवेवर बोलायची, दुकानात अंड्यांच्या भावावर. ड्रेमाची नणंद वॉनेटा, लॅसीची लाडकी आत्या, तीसुद्धा अंड्यांवरच बोलायची.

कर्ज सरकारी होतं, पण आईबापांच्या नावाने घ्यायचं असतं ते. पोरीने स्वतःच्या नावावर मिळेल तेवढं घेतलं, तरी खोलीचं नि जेवणाचं भागेना. तेव्हा तिने कॉम्प्युटर आईपुढे सरकवला. "तू नुसती सही कर गं मम्मा. मी नर्स झाले की एका वर्षात फेडते, आणि तुझ्या गुडघ्यांना मीच इंजेक्शन देते." ड्रेमाने सही केली. गुडघे अजून वाट बघत होते.

अंत्यविधीवाल्याने तेव्हा सांगितलं होतं, "मृत्यूचे दाखले दहा काढून घ्या. जो तो शिक्क्याचाच मागतो." त्याचं खरं निघालं. बँक, विमा, फोन, गाडी, कॉलेज, एकेक करत नऊ गेले. दहावा ड्रेमाने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरच्या तळाशी ठेवला. आमच्याकडच्या बायका महत्त्वाचे कागद तिथेच ठेवतात. घर जळलं तरी फ्रीझर वाचतो, अशी सगळ्यांची खात्री.

यंदा ऑक्टोबरात घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी बंद पडली. दुरुस्तीवाल्याने आकडा सांगितला, ड्रेमाने त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. मग ओव्हनचं दार उघडं टाकून ती स्वयंपाकघरातच राहू लागली, झोपायलाही तिथेच. लॅसीच्या खोलीचं दार तर चार वर्षं बंदच होतं, आतली गरम हवा येण्याची जाळीही तिने तेव्हाच मिटून टाकली होती.

एका रविवारी वॉनेटा जेवायला आली आणि घेवड्याची पिशवी काढायला फ्रीझरमध्ये वाकली.

"ड्रेमा, हे काय गं खाली?"

"कागद आहे."

"ते मलाही दिसतंय." वॉनेटाने वीस वर्षं बँकेच्या खिडकीत काढलेली. शिक्का बघताच तिला कळलं. "हा तू कर्जवाल्यांना पाठवलाच नाहीस? अगं, मूल गेलं की हे कर्ज माफ होतं! तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं. पहिल्याच महिन्यात फोनवरच्या बाईने सांगितलं."

"आणि तू चार वर्षं भरतेयस? इकडे ओव्हनपुढे मांजरासारखी बसतेस आणि तिकडे सरकारला देणगी? आभाराचं एखादं कार्ड तरी धाडलं का त्यांनी?"

ड्रेमा हसली नाही. "ते तिचं नाव घेतात."

"कोण?"

"कर्जवाले. दर महिन्याला. दाखला पाठवला की तेही बंद होतील. तू शेवटचं कधी घेतलंस?"

वॉनेटा गोठलेला घेवडा मांडीवर घेऊन बसली. पाणी तिच्या चांगल्या स्कर्टवर ठिबकत राहिलं.

"तिला गाडी मी शिकवली," ती म्हणाली. "बर्फावर वळताना ब्रेक दाबायचा नाही, हे मी तिला सांगितलं होतं की राहून गेलं, ते मला आठवत नाही. चार वर्षं आठवून बघतेय. नाव तोंडाशी आलं की तेच पुढे उभं राहतं."

त्या दुपारी जेवण राहिलंच. दोघींनी ओव्हनपुढे खुर्च्या ओढल्या, कर्जमाफीचा फॉर्म काढला. "विद्यार्थ्याचं नाव," वॉनेटाने वाचलं आणि थांबली. ड्रेमानेही मदत केली नाही.

"लॅसी डॉन," वॉनेटा म्हणाली. गंजलेलं दार उघडावं तसा आवाज आला.

दाखला गेला. डिसेंबरात पत्र आलं, देणं शून्य. जानेवारीत चेक आला. पोर गेल्यानंतर भरलेला प्रत्येक हप्ता सरकारने परत धाडला होता, दहा हजारांच्या वर. ड्रेमाला वाटलं, चार वर्षं आपण कुणाशी बोललोच नव्हतो असं म्हणतायत हे. चेक दोन आठवडे फ्रीझरमध्ये राहिला. मग नळ गोठून फुटला, तेव्हा तिने चेक बाहेर काढला आणि भट्टीवाल्याला बोलावलं. त्याने काम चोख केलं, ड्रेमा शाळेत असताना घरातल्या सगळ्या जाळ्याही उघडून गेला.

त्या दिवशी पाच तारीख होती. ती घरी आली, बूट काढले, पाय खुर्चीवर टाकले आणि बोटांनी सवयीने नंबर लावला.

"लॅसी डॉन काउडन," तिने कुणी विचारायच्या आतच सांगितलं.

कळफलक वाजला. "नाही मॅडम. या नावाचं आता इथे काही नाही."

ड्रेमाने आभार मानले. खाली भट्टी गुरगुरली, घरभर गरम हवेच्या नळ्यांचे पत्रे कडकडले, आणि बंद खोलीच्या दाराखालून गरम हवेबरोबर वास आला. नारळाचा. लॅसी केसांवर मारायची तो फवारा, उशीत, पडद्यांत, गालिच्यात चार वर्षं गारठून पडलेला.

"लॅसी?" मागचं दार वाजल्यावर हाक मारावी तशी तिने हाक मारली. जाळी टिकटिकत राहिली.

फोन अजून हातातच होता. तिने वॉनेटाचा नंबर लावला.

"ये," ती म्हणाली. "आणि लवकर ये, हा वास जायच्या आत."