माझ्या ‘शिक्षे’ला एक तारा

हे बघा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मी चिडणार आहे, आणि मी चिडलो की माझाच चहा गार होतो.

तर गोष्ट माझ्या पुस्तकाची. हो, पुस्तक! झाशीच्या एका सरकारी कचेरीत वीस वर्षं मी फायली इकडच्या तिकडे केल्या. एकामागून एक साहेब आले, प्रत्येकानं आपापल्या परीनं छळलं, आणि त्या छळाचे किस्से मी लिहून काढले. नाव ठेवलं ‘वीस वर्षांची शिक्षा’.

लिहिलं कशासाठी? रागानं!

माझे मेहुणे सुधीरराव पुण्यात राहतात. एका लग्नाच्या पंगतीत मी त्यांना सहज म्हणालो, “सुधीरराव, आज मी फार परेशान आहे हो.” झालं! जिलबी खाली ठेवून म्हणाले, “भावजी, तुमचं मराठी म्हणजे हिंदीला नेसवलेलं नऊवारी!”

पंगत खो खो हसली. माझी बायको, म्हणजे त्यांची सख्खी बहीण वसुधा, तीही हसली! अहो, सात पिढ्या आम्ही झाशीत. दारात दूधवाला बुंदेली बोलतो, कचेरीत हिंदी, पोरं मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देतात. तरी घरात मराठी जपलं, ते काय ह्यासाठी?

“पुस्तक लिहून दाखवीन!” मी गरजलो. “मराठीत!”

“लिहा ना. एका जरी परक्या वाचकानं लिहून दिलं की हे शुद्ध मराठी आहे, तर अशाच भर पंगतीत शब्द मागे घेईन.”

आता सांगा, ह्यानंतर माणूस झोपेल?

पुस्तक झालं. छापणार कोण? एका प्रकाशकानं फोनवर विचारलं, “झाशीत मराठी? अजून?” मी फोन आपटला आणि पुस्तक स्वतःच इंटरनेटवरच्या एका वेबसाइटवर काढायचं ठरवलं. लेखक मी, प्रकाशक मी, मुद्रितं तपासणारा मी! एक वेलांटी सरळ केली की पुढच्या पानावर दोन उकार रुसून बसत. मुखपृष्ठावर माझाच फोटो : चष्मा, समोर रजिस्टर, हातात रूळ. चेहऱ्यावर वीस वर्षांचा संताप.

त्या वेबसाइटचा फॉर्म हिंदीत. तो भरताना दोनदा लाइट गेली, दोनदा पहिल्यापासून भरला. तिसऱ्यांदा भरताना एक चमत्कार दिसला, तो वसुधाला हाक मारून दाखवलासुद्धा. त्याचं पुढे सांगतो.

पहिला महिना पुस्तक फुकट ठेवलं. आठवडाभरात तीन वाचक. एक मी, एक वसुधा, आणि तिसरा वसुधाच्या फोनवरून पुन्हा मीच.

आणि मग एका सकाळी बघतो तर आकडा शेकड्यात! झाशीच्या आसपासच्या गावांतून, मोठहून, बरुआसागरहून, मऊरानीपुरहून लोक माझं पुस्तक उतरवून घेताहेत! मऊरानीपुरात इतके मराठी रसिक कुठून आले, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी पेढे आणायला गेलो होतो.

पेढा तोंडात असतानाच पहिला अभिप्राय आला. एक तारा. ‘लेखक महोदय, पाठ्यक्रम कहाँ है?’

दुसरा, एक तारा. ‘चौथे अध्याय में साहब की चाय का फोटो है। बाल मनोविज्ञान कहाँ है?’

माझं डोकं फिरलं. वसुधा म्हणाली, “अहो, उत्तर देऊ नका.” तिचं ऐकलं असतं तर मी लेखक कशाला झालो असतो? मी हिंदीत ठणकावलं, ‘पढ़कर तो देखिए! हमने बीस साल शिक्षा भोगी है!’

दोन मिनिटांत उत्तर. ‘बीस साल में भी पास नहीं हुए, माट्साब?’

मला मास्तर ठरवलं, आणि वर त्या उत्तराला चाळीस जणांचे अंगठे! मी पेढ्यांचा पुडा टेबलावर आपटला आणि वेबसाइटच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी.

“सर, आपकी किताब शिक्षा श्रेणी में है। टीचर भर्ती वाले पढ़ रहे हैं।”

“अहो, मराठी में शिक्षा याने सज़ा होती है! सज़ा!”

“सर, शिक्षा को सज़ा मानना आपकी निजी राय है।”

“उसे वहाँ डाला किसने? नाम बताओ उस गधे का!”

“सर, श्रेणी लेखक खुद चुनते हैं।”

“झूठ! हमने नहीं चुनी!”

फोन ठेवला. वसुधा शांतपणे पेढे वेचत होती. म्हणाली, “तो चमत्कार आठवतो का? तुम्हीच ओरडलात ना, ‘वसुधा, धावत ये, ह्या यंत्राला माझ्या पुस्तकाचं नाव आधीच ठाऊक आहे! यादीत हजर आहे, शिक्षा!’ आणि दाबलंत.”

मी खाली बसलो. जन्म हिंदीत गेला. पहिलीपासून ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, हे घोकलेलं. आणि नेमकं त्याच दिवशी विसरावं?

एवढ्यात आणखी एक तारा आला. ‘घोर धोखा! पूरी किताब शुद्ध मराठी में है। हमाई समझ में एक शब्द नईं आओ।’

मी ताडकन उठलो. शुद्ध मराठी! परका वाचक! लिहून दिलेलं! तो अभिप्राय तसाच सुधीररावांना पाठवला, आणि खाली लिहिलं, ‘पंगत कधी?’

पंगत पुढच्याच महिन्यात, माझ्या पुतण्याच्या मुंजीत. सुधीरराव पुण्याहून मुद्दाम आले. जिलबी वाढून झाली तसे उठून उभे राहिले. मी कुर्त्याची बटणं नीट केली.

“मी माझा शब्द जाहीरपणे मागे घेतो,” ते म्हणाले. “भावजींचं मराठी पक्कं आहे. इतकं पक्कं, की सात पिढ्या झाशीत काढून त्यांनी हिंदी फॉर्मसुद्धा मराठीत भरला!”

वसुधा! पुण्याला फोन करून सगळं सांगून मोकळी झाली होती!

पंगत अशी हसली की भटजींना ठसका लागला. माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या. हातातली जिलबी तशीच धरून मी उठलो आणि सगळ्यांसमोर, पूर्ण ताकदीनं ओरडलो,

“सुधीरराव, बस करा! मी आधीच फार परेशान आहे!”