पिवळं जॅकेट आणि डिपर

मोटरसायकल चालवणाऱ्या बाईने रस्त्यावर कसं दिसावं, हे आमच्या घरात मी सोडून सगळ्यांना माहीत आहे. नवऱ्याने जन्मात दुचाकी चालवलेली नाही. तो मुंबईचा, गाडी चालवायला शिकला तोच मुळी इथे परदेशात, हॅमिल्टनला आल्यावर. मुलगी नऊ वर्षांची, इथेच जन्मलेली. आणि माझी आई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर असते. या तिघांचं एरवी कशावरही एकमत होत नाही, पण माझ्या दिसण्यावर झालेलं आहे.

मी पुण्याची. कॉलेज, क्लास, पहिली नोकरी, लग्नाची खरेदी, माझं सगळं दुचाकीवरून झालं. इथे आल्यावर बरीच वर्षं मी शहाण्यासारखी नवऱ्याच्या शेजारी बसून ऑफिसला गेले आणि रोज त्याच त्या रेडिओवरच्या बातम्या ऐकल्या. मग एक दिवस तीनशे सीसीची जुनी काळी मोटरसायकल घेऊन टाकली. माझं ऑफिस 'ते रापा' नावाच्या उपनगरात, पंप बनवणाऱ्या एका कंपनीत. घरापासून वीस मिनिटं. जाताना वीस आणि येताना वीस, दिवसभरात तेवढाच वेळ मला कोणी काही विचारत नाही. हातात कोणाचा डबा नसतो, फोन खिशात गप्प असतो. ती चाळीस मिनिटं मला हवी आहेत. इतकी साधी गोष्ट, पण घरात कोणाला पटवता आली नाही.

अडचण एकच होती. मी लोकांना दिसत नव्हते.

पहिल्याच महिन्यात एका राउंडअबाउटवर डावीकडून एक यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, सरळ माझ्या पुढ्यात घुसली. आधी जायचा हक्क माझा, मी वर्तुळाच्या आत होते. चालवणाऱ्याने माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं होतं आणि मगच घुसला होता. पुढे जाऊन तो थांबला, काच खाली केली आणि म्हणाला, "सॉरी मेट, डिडन्ट सी यू. यू ओके? स्वीट अ‍ॅज." प्रश्न त्याचा, 'सगळं मस्त' हे उत्तरही त्याचंच. मी हेल्मेटच्या आत शुद्ध मराठीत त्याची पूजा बांधली, ती अर्थातच त्याला ऐकू गेली नाही.

माझी चूक अशी की घरी आल्यावर मी हे सांगितलं. त्याच शनिवारी नवरा एक जॅकेट घेऊन आला. रस्त्याची कामं करणारे लोक घालतात ते, डोळ्यांना टोचणारं हिरवट पिवळं, मापाने माझ्याहून दोन आकडे मोठं. मी ते घालून हॉलमध्ये उभी राहिले. मुलीने पुस्तकातून मान वर केली.

"आई, यू लुक लाइक अ रोड कोन."

इथे रस्त्यावर माणसांपेक्षा ते केशरी कोन जास्त असतात, त्यामुळे तिला काय म्हणायचंय ते मला नीट कळलं. तरी घातलं. मग काळं हेल्मेट जाऊन पांढरं आलं. एका रविवारी नवरा कात्री घेऊन बसला आणि त्याने मोटरसायकलच्या मागच्या पेटीवर चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या, वाकड्या. ओळखीतल्या एका गृहस्थांनी जेवायला आल्यावर सांगितलं की पिवळ्यापेक्षा गुलाबी जास्त उठून दिसतं. ते स्वतः करड्या रंगाच्या गाडीतून आले होते, आणि त्यांना कोणी काही सुचवलं नाही.

आईचा उपाय सोपा होता. "हॉर्न देत जा गं."

तो मी करून बघितला होता. एका पार्क केलेल्या गाडीतला माणूस दार उघडेल असं वाटलं म्हणून पुण्यात देतो तसा एकदाच, छोटासा, प्रेमाने दिला. पुढच्या सिग्नलला तोच माणूस शेजारी येऊन उभा राहिला आणि माझा नक्की प्रॉब्लेम काय आहे ते विचारू लागला. इथे हॉर्न म्हणजे शिवी. म्हणजे तोही उपाय गेला.

राहिला डिपर. हेडलाइट दोनदा चमकवायचा, बस. डाव्या हाताच्या तर्जनीशी त्याचं बटण असतं आणि माझ्या तर्जनीला ते वेगळं शिकवावं लागलं नाही. पुण्यात गल्लीच्या तोंडाशी रिक्षाचं नाक दिसलं की डिपर मारायचा. 'मी येतेय, तू थांब.' रिक्षावाला थांबतो, टेम्पोवाला थांबतो, मूड असेल तर बससुद्धा थांबते. इथेही मी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी डिपर मारू लागले. नाही दिसले असं म्हणायला कोणाला तोंडच उरू नये.

आणि तरी लोक येतच राहिले. उलट जास्त येऊ लागले. एकदा सर्फबोर्ड लादलेली व्हॅन, एकदा मागच्या सीटवर तीन मुलं असलेली बाई. घाईसुद्धा नाही, अगदी निवांत माझ्यासमोरून निघून जायचे. मी ब्रेक दाबून जीव मुठीत धरलेला, आणि ते जाता जाता मला हात दाखवायचे. हसून.

"कट मारतात आणि वर हात दाखवतात," मी घरी येऊन हेल्मेट आपटत सांगायचे. "निर्लज्ज आहेत नुसते."

असं चौथ्यांदा झालं तेव्हा जून आला होता, म्हणजे इथला हिवाळा सुरू झाला होता. नवऱ्याने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "अगं, पुरे आता. आणखी एकदा जरी असं झालं ना, तर बाइक विकायची."

"विकू," मी म्हणाले. मी बरोबर आणि जग चूक असताना माणूस असंच काहीतरी बोलून बसतो. त्याने ते खरं मानलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर हा ड्राइव्हवेत उभा राहून मोटरसायकलचे चारही बाजूंनी फोटो काढत होता. "फक्त तयारी," तो म्हणाला. मी तो चहा त्याला दिला नाही.

त्यानंतर तीन आठवडे मी इतकी जपून चालवली की सायकलवाले मला मागे टाकून गेले. डिपर मात्र दुप्पट वाढवला.

मग जुलैतली ती सकाळ. हॅमिल्टनचं धुकं नुकतंच उठलं होतं आणि रस्ता ओला होता. 'ते रापा'ला आमच्या ऑफिसच्या अलीकडे डावीकडून एक छोटा रस्ता येऊन मिळतो, तिथे एक चंदेरी गाडी थांबलेली दिसली. मी दोनदा डिपर मारला. गाडी क्षणभर थांबून राहिली आणि मग सावकाश, सगळा रस्ता अडवत, माझ्यासमोर आली.

मी ब्रेक दाबला. मागचं चाक सरकलं आणि मोटरसायकल आडवी झाली, तिच्यासोबत मीही. वेग फारसा नव्हता. गुडघा खरचटला, डावा आरसा फुटला, एक इंडिकेटर वायरीला लोंबकळू लागला. नशिबाने मागे कोणी नव्हतं. मी उठले तेव्हा मला दुखण्यापेक्षा राग जास्त आला होता, आणि रागापेक्षाही जास्त हे कळत होतं की आता माझी बाइक गेली.

गाडीतून एक सत्तरीची बाई उतरली. पांढरे केस, विणलेला स्वेटर. तिने आधी गाडी नीट कडेला लावली होती आणि चारही इंडिकेटर सुरू केले होते. मी इतके दिवस मनात घोळवलेलं वाक्य आता म्हणणार, तेवढ्यात तीच बोलली.

"बट यू फ्लॅश्ड मी, डिअर. यू लेट मी गो."

मी तिला इंग्रजीत सांगितलं की मी लाइट मारला तो तू थांबावंस म्हणून. तिने माझ्याकडे काळजीने बघितलं, डोक्याला मार लागलाय का ते बघतात तसं. थांबवायला कोणी लाइट कशाला मारेल, असं तिने विचारलं. लाइट मारतात तो 'तुम्ही जा' म्हणायला. तिला वाटलं, किती सभ्य मुलगी आहे, म्हणून ती निघाली.

"म्हणजे मी तुम्हाला दिसले होते?"

तिने माझ्या जॅकेटकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. तू न दिसणं शक्य आहे का, असं ती म्हणाली.

मी कडेच्या ओल्या गवतावर बसले. सर्फबोर्डवाली व्हॅन आठवली, तीन मुलांची बाई आठवली. ते हसून वर केलेले हात. ते लोक माझे आभार मानत होते. सगळ्यांना मी दिसत होते, आणि सगळ्यांना मीच बोटाने बोलावून माझ्यासमोर आणत होते. इतकी स्वतःची चीड मला याआधी कधी आली नव्हती. बाईने गाडीच्या डिकीतून रुंद चिकटपट्टी काढली आणि लोंबकळणारा इंडिकेटर स्वतः चिकटवून दिला. मी तिच्याकडून आणखी एक तुकडा मागून घेतला आणि तो डिपरच्या बटणावर लावला.

संध्याकाळी घरी जाताना मी थाप रचली. बाइक पार्किंगमध्ये कोणाचा तरी धक्का लागून पडली. आरसा आणि इंडिकेटर, दोन्ही त्यात बसत होतं. गुडघा पँटखाली झाकलेला होता. नवरा ड्राइव्हवेतच भेटला, आरशाकडे बघत उभा राहिला. मुलगी बाहेर आली.

"डिड दे नॉट सी यू अगेन?"

"दिसले गं," मी म्हणाले. "मी दिसले होते." आणि मग ती थाप पुढे नेताच येईना. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

नवऱ्याने इंडिकेटरवरची चिकटपट्टी चाचपून बघितली. मग म्हणाला, "इथे लाइट मारला म्हणजे जा. हे तुला माहीत नव्हतं?"

"तुला माहीत होतं?"

"मी गाडी इथेच शिकलो."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस? पट्ट्या कापत बसलास."

"तू डिपर मारतेस हे तू कधी सांगितलंस? लोक किती मूर्ख आहेत तेवढंच सांगायचीस."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. "आणि बाइक?" मी विचारलं. "बघू," तो म्हणाला आणि आत भात लावायला गेला. आमच्या घरात 'बघू'चा अर्थ काहीही असू शकतो.

आरसा बदलून येईपर्यंत चार दिवस मी त्याच्या शेजारी बसून रेडिओ ऐकला. फोटोंचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. पाचव्या दिवशी सकाळी मी किल्ली उचलली. तो मुलीच्या बुटांची नाडी बांधत होता. त्याने वर बघितलं आणि पुन्हा नाडीकडे बघितलं. मुलीला घेऊन तो निघून गेला, आणि मी उगाच दहा मिनिटं सिंकपाशी कप विसळत उभी राहिले. मग निघाले.

उशिरा निघाल्यामुळे शाळेच्या रस्त्याच्या तोंडाशी मला आमचीच निळी गाडी दिसली. त्या दिवशी शाळेच्या सामानाची पिशवी घरी राहिली होती, म्हणून दोघं परत येत होते, हे नंतर कळलं. मी मोठ्या रस्त्यावर, हक्क माझा. तर्जनी सवयीने बटणावर गेली, तिथे चिकटपट्टी लागली. मी बोट काढून घेतलं आणि वेग कमी केला. त्याने मला बघितलं. मला बघितल्याचं मला दिसलं.

आणि त्याने दोनदा हेडलाइट चमकवला.

मी गच्चकन ब्रेक दाबला. समोरून डिपर आला की थांबायचं, हे माझ्या हाडात बसलेलं आहे. मी भर रस्त्यात पाय टेकून उभी, तो गल्लीच्या तोंडाशी उभा. माझ्या मागे एक व्हॅन येऊन थांबली, हॉर्न न वाजवता. त्याने पुन्हा दोनदा लाइट मारला. मागची काच खाली झाली आणि मुलीचं डोकं बाहेर आलं.

"आई, बाबा मीन्स गो."

हक्क माझाच होता, त्याने लाइट मारायची काही गरजच नव्हती, आणि हे मी त्याला संध्याकाळी सांगणार होते. हेल्मेटच्या आत मला समोरचं धड दिसेना. डोळे पुसायचे तर काच वर करावी लागली असती, आणि ते त्या दोघांना दिसलं असतं. मी गिअर टाकला, त्यांच्या समोरून जाताना हात वर केला, आणि गेले.