दुखणं थांबलं त्या दिवशी

डॉक्टरांनी माझ्या कमरेचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. “हाडं ठीक आहेत. आता उजवं पाऊल वर ओढा.”

मी जोर लावला. पाऊल हललं नाही.

“फूट ड्रॉप,” ते म्हणाले. पाऊल उचलणारी नस निकामी झाली, की असं होतं. मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, सरकून नसेवर बसली होती. साध्या एक्स-रेत ती दिसत नाही. अठरा वर्षं एक्स-रे काढणारा मी, स्वच्छ फोटो बघून खूश झालो होतो. शहाण्याला आणखी काय सांगावं!

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. सोलापुरातल्या आमच्या इस्पितळात स्ट्रेचर एक्स-रेच्या टेबलापेक्षा वीतभर खाली होतं. दिवसभर वाकून पेशंट उचलायचे. किरणांपासून वाचवणारा शिशाचा जड एप्रन काढ-घाल करण्यात वेळ जायला नको, म्हणून तोही दिवसभर अंगावरच.

माझा जोडीदार मेहबूबभाई चौघं जमल्याशिवाय पेशंटला हात लावत नसे. “येऊ द्या की चौघं, घाई कशाला?” मी एकट्याने उचलायचो आणि त्याला ‘नवाब’ म्हणायचो, तेही पेशंटदेखत.

दिवाळीनंतर कमरेतून पोटरीपर्यंत कळ सुरू झाली. खोकलो तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. बायको शेक द्यायची. ड्युटी मात्र एकही चुकवली नाही.

दीड महिन्याने एका सकाळी कळ गायब! मी पेढे वाटले आणि त्याच दिवशी होटगीच्या एका रेल्वे गँगमनला एकट्याने उचललं. चालताना माझी उजवी चप्पल फटफट वाजत होती.

मेहबूबभाई म्हणाला, “भाऊ, पाय घासतोय की तुमचा. डॉक्टरला दावा.”

“नवाब, तू तुझं बघ.”

असे अकरा दिवस मी घालवले, मग डॉक्टरांकडे गेलो.

“कळ थांबली त्याच दिवशी यायचं होतं,” डॉक्टर म्हणाले. “नस मरत होती, म्हणून दुखायची थांबली.”

मायलोग्राम ठरला. त्यात पाठीत औषध टोचून फोटो काढतात, मग दबलेली नस दिसते. मी माझ्याच खोलीत स्ट्रेचरवर पडलो होतो. माणसं मिळेनात. “मीच सरकतो,” मी म्हणालो.

“अजाबात न्हाय. चौघं आल्याबिगर न्हाय.”

बाहेर रांग ओरडत होती. मेहबूबभाई माझ्याशेजारी उभा राहिला. मग चौघांनी मला चादरीसकट अलगद उचललं. जराही धक्का लागला नाही. मला शरमेने रडू फुटलं.

ऑपरेशन झालं, पावलातली ताकद परत आली नाही. टेबलाचं काम सुटलं; आता पायाला पट्टा बांधून नोंदणीच्या खिडकीत बसतो. स्ट्रेचरचे पाय नंतर वेल्डरने वाढवले. अर्ध्या दिवसाचं काम होतं ते. आधी कुणी केलं नाही, याचा राग अजून जात नाही.

एक्स-रेवाल्यांनो, एकट्याने उचलू नका. कामचुकार म्हणतील, म्हणू द्या. कळ गेली आणि पाऊल लुळं पडलं, तर पेढे वाटू नका, डॉक्टरांकडे पळा.

मेहबूबभाई माझ्याच वयाचा. अजून ताठ चालतो. ड्युटी सुटली की खिडकीपाशी येऊन थांबतो, आणि त्याचा खांदा धरून मी जिना उतरतो.