चाळीस पावलांवरचा रांजण

महिना होत आला. मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातून रहीमभाईचा जावई स्टेशनावर आला आणि म्हणाला, "महाराज, अब्बा गेले." मी रांजण भरत होतो. हातातली घागर खाली ठेवली आणि तशीच पुन्हा उचलली... गाडीची वेळ झाली होती.

रहीमभाई अकोल्याच्या स्टेशनावर फाटकावरचा शिपाई, मी तिथला पाणी पाजणारा ब्राह्मण. कापसाला सोन्याचा भाव आला आणि ज्याला त्याला अमरावतीचा बाजार गाठायची घाई सुटली. गाडी नवी, घड्याळ कुणाकडे नाही, म्हणून लोक सकाळपासूनच येऊन बसत. बसत तरी कुठे? फाटकालगतच्या लिंबाखाली, माझ्या रांजणाभोवती. गाडी आली की समोरच्या डब्यावर अख्खी गर्दी तुटून पडे. गावकऱ्यांना सोडून दुसऱ्या डब्यात बसलो तर आपण हरवलोच, अशी प्रत्येकाची खात्री! त्या एका डब्यात माणसावर माणूस, आणि मागचे दोन डबे हवा खात अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला जात.

रहीमभाई ओरडून ओरडून घसा बसवून घेई. एके दिवशी मला म्हणाला, "महाराज, हे लोक गाडीसाठी नाई, तुमच्या पान्यापाशी बसून राहिले. रांजण चाळीस पावलं तिकडं न्या. निम्मे लोक बी तिकडं जातीन."

"मग तूच ने की!" मी म्हणालो.

तो हसला. त्याने हात लावला असता तर रांजणातलं सगळं पाणी फेकावं लागलं असतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. तरी मुद्दाम बोललो. तोंडच असलं माझं, मेलं! मला लिंबाची सावली सोडवत नव्हती, दुसरं काही नाही. तो रोज सांगे, मी रोज "बघू" म्हणे.

मग माझी धाकटी बहीण गोदी मूर्तिजापूरला सासरी निघाली. मी रांजणापाशीच उभा होतो. मागून रेटा आला आणि ती पायरीवरून खाली कोसळली, तिच्यावर आणखी दोघं पडले. रहीमभाईने गर्दीत घुसून तिला ओढून काढलं. तिचा हात कोपरात मोडला होता, तो अजून सरळ होत नाही. रहीमभाई मला एवढंच म्हणाला, "रांजण हलवाले काहून थांबले व्हते, महाराज?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी रांजण हलवला. पावलं त्याने मोजली. तिथे सावली नव्हती, म्हणून त्याने बांबू आणून मांडव घातला. काही लोक लिंबाखालीच राहिले, बाकीचे पाण्यामागे गेले आणि समोर येईल त्या डब्यात चढू लागले. स्टेशनमास्तरांनी मला शाबासकी दिली. रहीमभाईचं नाव सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

तो स्वतः घरून तांब्याचा लोटा भरून आणी आणि मांडवाच्या खांबाला टांगे. उन्हाळ्यात तो दुपारपर्यंत संपायचा. मी वरून पाणी ओतलं असतं, पण ओंजळ धरून वाकणं त्याला आवडत नसे, आणि मीही कधी आग्रह केला नाही.

शेवटी तापाने पडला तेव्हा त्याच्या घरी गेलो. ऊन मी म्हणत होतं. त्याच्या लेकीने पाण्याचा कटोरा पुढे केला. घसा कोरडा पडला होता, तरी म्हणालो, "तहान नाही."

रहीमभाई पडल्यापडल्या म्हणाला, "राहू दे बेटी. महाराजले तहान नाई."

परतताना नदीत उतरलो आणि घटाघटा पाणी प्यालो. लाज वाटली... अजून वाटते.

तापाने पडला त्या दिवशी टांगलेला त्याचा लोटा अजून मांडवाच्या खांबालाच आहे. न्यायला कुणी आलं नाही, मीही कुणाला बोलावलं नाही. रोज सकाळी रांजण भरला की वरूनच, हात न लावता, त्या लोट्यात काठावरून वाहीपर्यंत पाणी ओततो. गाडी येते, लोक दोन्हीकडे चढतात, निघून जातात. संध्याकाळपर्यंत लोटा भरलेलाच असतो. त्यातलं घोटभर पाणी प्यायची माझी अजून छाती झालेली नाही.