पाडव्याला नेलेली काठी

मालू, ये गं, अशी जवळ बस. दारातच उभं राहून बोलायची कसली ही तऱ्हा? मावशी खाते का तुला? बस. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — तुझ्या काकांनासुद्धा नाही.

झेंडावंदनाला मला पाहिलंयस ना? मान खाली, हात जोडलेले. लोक म्हणतात, मावशींना केवढा आदर! आदर? मला वर बघायची भीती वाटते गं.

लांब परमुलखात, बागबाजारच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आम्ही नवे होतो. स्वातंत्र्य ताजं, दंगलही ताजीच — संध्याकाळ झाली की सगळ्यांच्या खिडक्या लागायच्या. पाडव्याला हे दौऱ्यावर. म्हणून काय गुढी उभारायची नाही? पण काठी कुठून आणू? दरवान इद्रिसच्या मागे लागले. भला माणूस, मला माईजी म्हणायचा. त्याने जिन्याखालची खोली उघडली आणि झेंड्याची काठी काढून दिली. "शाम तक लौटा दीजिए माईजी, नहीं तो मेरी खैर नहीं," म्हणाला — आणि हसला.

काठीला झेंडा गुंडाळलेला होता. तो सोडवून, घडी करून मी स्टुलावर ठेवला — पुसलेल्या स्टुलावर हो! — आणि पुरण ढवळायला लागले. शेगडीत कोळसा तडकला, ठिणगी उडाली... माझं लक्ष जाईपर्यंत वरच्या पांढऱ्या पट्ट्यावर, चक्राला लागूनच, लिंबाएवढं भोक. रफू करायचं? दिसलंच असतं. इद्रिसला सांगायचं? जीभ उचलेना. भोक आत जाईल असा झेंडा पुन्हा गुंडाळला आणि काठी परत केली. गुढी मात्र छान झाली होती — तेही सांगते.

पंधरा ऑगस्टला गच्चीवर काठी उभी केली, बड्या साहेबांनी गाठ सोडली. टाळ्या सुरू झाल्या — आणि थांबल्या. भोकातून आभाळ दिसत होतं.

"चाबी किसके पास थी?" साहेबांनी विचारलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "जानबूझकर किया होगा. इन लोगों का क्या भरोसा?"

इद्रिसचा चेहरा पांढराफटक. तो माझ्याकडे वळला. "साहब, लाठी माईजी ले गई थीं, त्योहार के लिए. माईजी, बोलिए ना."

सगळ्या नजरा माझ्यावर. यांची नोकरी जाईल, पोलीस येतील, या परक्या शहरात आपलं कोण — काय काय नाही आलं मनात? आणि मी म्हणाले, "मैं? नहीं तो. हमारे त्योहार में लाठी का क्या काम?"

त्या गच्चीवर गुढी ठाऊक असलेलं दुसरं माणूस एकच — तुझे काका. त्यांनी मान खाली घातली. घरी येऊन एका शब्दाने विचारलं नाही. पुढे कधीच नाही.

इद्रिसला ठाण्यावर नेलं. तो परत आला नाही. त्याची बायको बिछाना न्यायला आली, तेव्हा माझ्या खिडकीखाली थांबून तिने हाक मारली. मी कडी लावली — आणि ती पुन्हा हाक मारते का, हे आतून कान लावून ऐकत राहिले.

पुढे त्याचं काय झालं? मी चौकशी केली नाही. घाबरले होते म्हणू? तोही घाबरलेलाच होता की. तो खरं बोलला.

ऊठ आता, तुला उशीर होतोय. यावंसं वाटलं तर पुन्हा ये गं. मी घरीच असते.