सायकलीचा ताणा करावा

टॉवेलांचे गठ्ठे आमच्या कारखान्यातून रोज बाहेर जातात. किस्से मात्र आतच राहतात. त्यांना गिऱ्हाईकही नाही आणि टेम्पोही नाही. स्टोअर माझ्याकडे, त्यामुळे बाकीच्या मालाबरोबर हा मालही माझ्याच ताब्यात साठत गेलाय. सगळा काढला तर दिवस जाईल. आज फक्त गॅरेजचा काढतो.

आमचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. अठरा माणसं सायकलवर येतात. बाजूला मालकांच्या टेम्पोचं गॅरेज होतं. टेम्पो विकला, गॅरेज राहिलं, तिथं सायकली लागायला लागल्या. मग एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर मालक म्हणाले, "सुताची पोती ठेवायला जागा नाही. सायकली बाहेर लावा." सोलापूरच्या एप्रिलमध्ये सायकल दिवसभर बाहेर म्हणजे ट्यूबचं श्राद्धच!

मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता. गॅरेजच्या भिंतीत हुक ठोकायचे आणि सायकली भिंतीला उभ्या टांगायच्या. पुढचं चाक वर, मागचं खाली. एका सायकलीच्या जागेत तीन मावतात. मालकांना दाखवला. ते म्हणाले, "करून बघ. नाही जमलं तर बाहेर."

पद्धत सोपी आहे. ब्रेक दाबायचा, पुढचं चाक उचलून सायकल मागच्या चाकावर उभी करायची, तशीच भिंतीपर्यंत न्यायची, आणि शेवटी आख्खी सायकल चार बोटं उचलून पुढचं चाक हुकात अडकवायचं. मी अठरा हुक ठोकून घेतले आणि स्वतःवर फार खूश झालो.

*

पहिल्या दिवशी मी पाटी लावली. "सायकली उभ्या कराव्यात."

दुपारी जाऊन बघतो तर सगळ्या सायकली नेहमीसारख्या स्टँडवर. हुक मोकळे. मी स्वभावानं जरा शिस्तीचा, म्हणजे लोकांच्या भाषेत किरकिऱ्या. सगळ्यांना बोलावलं.

"पाटी वाचली नाही का?"

"वाचली की!" मल्लप्पा म्हणाला. "उभीच केलीय. आडवी पाडून कोण जातंय?"

मी समजावून थकलो. उभी म्हणजे तशी उभी नव्हे, उभी उभी! लोक माझ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात नरसय्यामामा पुढं आले. हे आमचे जॉबर. माग बिघडला की पहिली हाक त्यांना. साठी ओलांडलेली, घरी तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी. ते एवढंच म्हणाले, "अरे, सायकलीचा बाणा झालाय बे. ताणा करा!"

मागावर उभा धागा तो ताणा, आडवा तो बाणा. दहा मिनिटांत अठराच्या अठरा सायकली भिंतीवर! मी पाटी पुसली आणि लिहिलं, "सायकलीचा ताणा करावा." ती अजून आहे.

त्याच दिवशी मामांनी सगळ्यांसमोर एक बोलून ठेवलं. त्यांचा मुलगा श्रीनिवास दुसऱ्या एका कारखान्यात फिटर आहे. दोन वर्षं तो मागं लागला होता, आता काम सोडा, घरी बसा. मामांनी त्याला म्हणे सांगितलं होतं, बघू. आता हुकाकडं बोट करून ते म्हणाले, "ज्या दिवशी माझी सायकल मला टांगता येणार न्हाय, त्या दिवशी घरी बसीन. पोरालाबी आज हेच सांगतो."

आम्ही टाळ्या वाजवल्या. घरी बसणं ही मामांना शिक्षाच होती. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेलेली. घरात शांतता झाली की ह्या माणसाला झोप लागत नाही!

*

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गॅरेजमधून आरडाओरडा. लोकांनी सायकली टांगल्या होत्या, कॅरिअरला लावलेल्या डब्यांसकट! डबे आडवे. आमटी कॅरिअरवरून चाकावर, चाकावरून जमिनीवर. एकाची वांग्याची भाजी थेट दुसऱ्याच्या पायडलवर.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पोती मोजायला लागलो.

मल्लप्पाचा डबा मात्र जसाच्या तसा. त्यानं शांतपणे झाकण काढलं. आत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. एक तुकडा मोडून म्हणाला, "आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं बे. कदीतरी सायकली टांगायची येळ येणार म्हणून!"

*

पॅकिंगला मुमताजखाला आहेत. कारखान्यात त्यांचा शब्द मालकांच्या शब्दानंतरचा, आणि मालक बाहेरगावी असले की पहिला. त्यांची लेडीज सायकल, पुढं जाळीची टोपली. त्या हुकापाशी आल्या आणि थांबल्या.

"मेरे सायकल कू फाशी नक्को देव बाबा!"

मी म्हटलं, "खाला, फाशी कसली? आराम करतेय ती."

"उलटी लटकाके आराम? सर में खून चढता की!"

"उलटी कुठं? तोंड वरच आहे बघा. पाय खाली."

खालांनी मान वाकडी करून नीट बघितलं. मग एक सुस्कारा सोडला. "हौ? तो मेरे से अच्छी है. दिनभर बैठ बैठ के मेरी कमर गई, इसकी सीधी हो रही!"

तेव्हापासून संध्याकाळी सायकल काढताना त्या तिला विचारतात, "हुआ क्या आराम?"

*

मल्लप्पा अक्कलकोटच्या बाजूच्या एका गावाहून येतो. घरी कानडी, कारखान्यात मराठी, सायकल पंक्चर झाली की दोन्ही. एके दिवशी तो दुसऱ्याचीच सायकल घेऊन गेला. चूक तशी त्याची नव्हती. स्टँडवर लावलेली सायकल माणूस सीटवरून, हँडलवरून ओळखतो. टांगलेल्या सायकलीचं दिसतं ते पोट, आणि काळ्या सायकलींची पोटं सगळी सारखीच.

दुसऱ्या दिवशी आला तो सायकल हातात धरून, चालत. म्हणाला, "कुणाची हाय ही?"

मी विचारलं, "आख्ख्या रस्त्यात तुला कळलं नाही?"

"न्हाय की. घरी गेलो, बायकोनं शेजारी जायला घेतली. लगेच परत आली. म्हणाली, ही आपली न्हाय."

"तिला कसं कळलं?"

"हिला ब्रेक लागतोय म्हणाली!"

*

आमच्या मालकांना डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. मालकांनी गिअरची सायकल आणली. भारी! पहिल्या दिवशी कारखान्यापर्यंत चालवत आले, घामाघूम झाले, आणि ती कोपऱ्यातल्या एका जुन्या खुंटीला टांगून ठेवली. गाडीनं घरी गेले. सायकल तिथंच.

दोन महिन्यांनी मी हळूच म्हटलं, "मालक, ती सायकल?"

"आहे की," मालक म्हणाले. "डॉक्टरांनी विचारलं, फरक पडला का? मी म्हटलं पडला. उचलली त्या दिवशी कळलं, सायकल फार हलकी आहे. मग वजन माझंच असणार!"

*

दिवाळीनंतरची गोष्ट. स्टोअरच्या खिडकीतून गॅरेज दिसतं. सकाळी मामा आले, ब्रेक दाबला, सायकल मागच्या चाकावर घेतली, भिंतीपर्यंत नेली. आणि शेवटचं चार बोटं उचलायचं होतं तिथं त्यांचा उजवा हात थांबला. परत केलं. परत थांबला. तिसऱ्यांदा तोंडातून आवाज निघाला तो मला काचेतून ऐकू आला नाही, पण दिसला.

मामांनी सायकल खाली घेतली, स्टँडवर लावली, इकडं तिकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "चेन जरा ढिली हाय. मग टांगतो."

दुसऱ्या दिवशी सीट सैल. तिसऱ्या दिवशी हवा कमी. रोज एकदा प्रयत्न करायचे आणि मग कारण सांगायचे. पंधरा दिवसांत त्या सायकलीत जेवढे म्हणून भाग होते त्या सगळ्यांची तक्रार करून झाली. शेवटी घंटीवर आले. "घंटी जड वाजायलीय. मग टांगतो."

आणि दहा वाजेपर्यंत सायकल हुकावर असायची! कोण टांगायचं? कुणी विचारलं नाही. संध्याकाळी मामा हात धुऊन येईपर्यंत ती खाली काढून ठेवलेली असायची. मामांनीही विचारलं नाही.

दोनदा मी टांगली. तिसऱ्यांदा गेलो तर खाला आधीच तिथं उभ्या, हात हँडलवर. मला बघून दचकल्या.

"मैं टॉवेल गिनने आई थी."

गॅरेजमध्ये टॉवेल कधीच नसतात. मी म्हटलं, "मीपण पोती बघायला आलो होतो."

मग एका बाजूनं त्यांनी उचलली, एका बाजूनं मी.

*

आणि एका दुपारी श्रीनिवास आला. मामा चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला. मामा मागाखाली शिरले होते, त्यांना काही पत्ता नव्हता. हा गॅरेजच्या दारात उभा राहून वडिलांच्या सायकलीकडं बघत होता.

"नायना स्वतः टांगत्यात?" त्यानं विचारलं. वडिलांना तो नायना म्हणतो.

"व्हय की," मल्लप्पा म्हणाला. "रोज."

"हौ," खाला म्हणाल्या. "एक हाथ से!"

मला वाटलं, एवढं कशाला बोलायचं होतं! श्रीनिवासनं शांतपणे विचारलं, "एका हातानं? मग घरी शर्ट घालताना आईला का हाक मारत्यात?"

मी मनात म्हटलं, संपलं. उद्यापासून मामा घरी.

श्रीनिवासनं सायकल खाली काढली. मग वर टांगली. परत काढली. खाली वाकून मागचं चाक बघितलं, हुकाकडं बघितलं.

"हुक कुणी लावले?"

"मी," मी म्हटलं. ह्या प्रश्नाचं उत्तर एवढ्या हळू आवाजात मी पहिल्यांदाच दिलं.

"तुमची उंची धरून लावलेत साहेब. चार बोटं खाली घ्या. मागचं चाक जमिनीवर टेकलेलंच ऱ्हाईल. मग उचलायचं कामच न्हाय, नुसतं भिंतीकडं ढकललं की अडकतंय."

इतके दिवस आम्ही सायकल उचलत होतो. हुक खाली घ्यावा हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी विचारलं, "मामांचा एकच घेऊ?"

"सगळे घ्या. एकच घेतला तर त्यांना कळंल." त्यानं चष्मा माझ्या हातात दिला. "हा स्टोअरात सापडला म्हणा. मी आलतो म्हणू नका."

सुट्टीच्या दिवशी तो स्वतःची ड्रिल मशीन घेऊन आला. तो, मी आणि मल्लप्पा. अठरा हुक काढले, चार बोटं खाली लावले, जुनी भोकं बुजवली आणि वरून सगळ्या भिंतीला चुना फासला. खालांनी घरून चहा पाठवला.

*

सुट्टीनंतरच्या सकाळी मी मुद्दाम लवकर जाऊन खिडकीशी बसलो. खाला दारामागं. मल्लप्पा पोत्यांच्या आड, आणि त्याचे पाय बाहेर!

मामा आले. भिंतीकडं बघितलं. "चुना लावला वाटतं," असं स्वतःशीच म्हणाले. ब्रेक दाबला, सायकल उभी केली, भिंतीपर्यंत नेली आणि रोजच्यासारखे दात आवळले.

खट.

मामा तसेच उभे. हँडलवरचा हात काढला नाही. मग सायकल काढली, परत नेली. खट. परत एकदा. खट! उजवा हात समोर धरून त्यांनी मूठ उघडली, मिटली. आणि तरातरा स्टोअरकडं आले.

"स्टोअरसाहेब, माझ्या पोराला फोन लावा की ओ."

मी लावला. माग सुरू झाले होते, म्हणून स्पीकरवर टाकला. दोघं तेलुगूत बोलले, पण जन्म सोलापुरात गेलाय, तेवढं मला कळतं.

"श्रीनू, आखडलेला खांदा सुटला बघ! आत्ता सायकल टांगली. तीनदा!"

पलीकडं कुठलंतरी मशीन चालू होतं.

"तीनदा?" श्रीनिवास म्हणाला.

"तीनदा! विचार पाहिजे तर साहेबांना!"

"मग फोनवर काय करताय नायना? जावा की आत. कुणाचातरी माग थांबला असंल."