परतीचे डबे

आई वैशाखात गेली आणि दिवाळीला आमचं घर फराळानं गच्च भरलं. माणूस गेलेल्या घरात वर्षभर तळणाची कढई चढत नाही, म्हणून पहिल्या दिवाळीला शेजारीपाजारी फराळ आणून देतात. पद्धत चांगली आहे, माझी काही तक्रार नाही. फक्त आईनं बोईसरच्या त्या इमारतीत चकली पोचवली नाही असं एकही दार ठेवलं नव्हतं, आणि आता त्या सगळ्या दारांनी एकाच वेळी फेड करायचं ठरवलं होतं. धनत्रयोदशीलाच ओट्यावर हात टेकायला जागा उरली नाही. चिवडेच किती तऱ्हांचे! गुजराती काकींचा गोड, खानदेशी बाईंचा झणझणीत, आणि एक असा की तो चिवडा आहे हे देणारीनं तोंडानं सांगितलं म्हणून कळलं.

मी पालघरला राहते. कोळगावला कचेरीत नोकरी करते आणि सुटीला स्कूटी काढून अप्पांकडे जाते. धाकटा भाऊ पुण्याला असतो. त्यानं आणि अप्पांनी फोनवर परस्पर ठरवून टाकलं होतं: दिवाळी झाली की बोईसरचं घर बंद करायचं आणि अप्पांनी कायमचं पुण्याला जायचं. मला हे अप्पांनी सांगितलं, तेही ओट्यापाशी उभ्या उभ्या पोळी खाताना. आई गेल्यापासून ते जेवायला बसतच नव्हते. "एकट्यासाठी काय ताट मांडायचं," म्हणायचे.

मला राग आला. भावाचा आला, अप्पांचा आला, आणि खरं सांगायचं तर आईचाही आला. दोन खोल्या आणि एक गॅलरी, वारा पडला की कारखान्यांचा वास, एवढंच माझं माहेर. पण ते माझं होतं आणि मला ते हवं होतं.

"यंदा ओवाळणं नको," अप्पा म्हणाले.

"नाही ओवाळत. पण भाऊबीजेला आम्ही सगळे इथे जेवणार, आणि तुम्ही आमच्याबरोबर ताटावर बसणार."

"बघू."

अप्पांचं 'बघू' म्हणजे नाही. कारखान्यात सुपरवायझर होते तेव्हा रजा मागायला येणाऱ्यालाही ते हेच सांगायचे.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी गेले तर अप्पा स्वयंपाकघरात कमरेवर हात ठेवून उभे. समोर घासूनपुसून पालथे घातलेले लोकांचे स्टीलचे डबे. आईचा एक नियम होता, रिकामा डबा परत द्यायचा नाही. काहीच नसलं तर मूठभर साखर तरी घालायची. आणि या घरात तर काही तळायची सोय नव्हती.

"साखर घाला," मी म्हटलं.

"एवढ्या डब्यांत? मी काय रेशनचं दुकान उघडलंय?"

मग अप्पांनी स्वतःचं डोकं चालवलं. याचे लाडू त्याच्या डब्यात, त्याच्या शेवा हिच्या डब्यात. हिशेब झकास होता, फक्त डबे सगळे सारखे दिसत होते.

पाडव्याला जवळच्याच किनाऱ्यावरच्या नवापूरची मावशी आली. ही आईची मासळीवाली. पापलेटाच्या भावावरून वर्षानुवर्षं भांडता भांडता दोघी मैत्रिणी झालेल्या. बाजारात जाता जाता आपला डबा न्यायला ती थांबली होती. दारातच तिनं झाकण उघडलं.

"दादा, ह्या तं माज्याच करंज्या हायत!"

"तशाच दिसतात," अप्पा म्हणाले.

"दिसतात काय? माज्या हातची मुरड मला वलखता येत नाय का? मीच दिल्या आन् मलाच परत? बायको असती तं आसं नाय झालं असतं."

मी घाबरलेच. घरात इतके महिने आम्ही सगळे आईचा विषय बाजूनं वळसा घालून नेत होतो. या बाईनं तो टोपलीसकट दारात आणून ठेवला. अप्पांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा करंज्यांकडे पाहिलं, आणि मोठ्यानं हसले.

"नसतं झालं," ते म्हणाले. "पण आधी ती तुझ्याशी बोंबलाच्या भावावरून भांडली असती."

"आन् मी हरले असते," मावशी म्हणाली आणि तिनं पदरानं डोळे पुसले. त्यातली एक करंजी तिनं अप्पांच्या हातात दिली, आणि ते खातात की नाही हे बघूनच पायऱ्या उतरली.

त्या दुपारी अप्पांनी शेंगदाणे काढले. आम्ही मूळचे सोलापूरकडचे, आणि अप्पांना आयुष्यात एकच पदार्थ येतो, शेंगदाण्याची चटणी. मी ओरडले, "अप्पा, कढई नाही चढवायची!"

"हा तवा आहे."

"पण दिवाळीचं काही करायचं नसतं."

"चटणी कधीपासून दिवाळीची झाली?" त्यांनी निकाल दिला आणि शेंगदाणे भाजायला घेतले. मग लसूण, तिखट, मीठ, जिरं, आणि आईचा लोखंडी खलबत्ता. आवाज असा की खालच्या मजल्यावरचे काका 'घर फोडताय का' विचारायला वर आले आणि डबाभर चटणी घेऊन खाली गेले.

डबे अप्पांनी स्वतः दारोदार नेऊन दिले. गोड खाऊन खाऊन अख्खी इमारत कंटाळलेली. त्या चटणीवर लोक अक्षरशः तुटून पडले. भाऊबीजेच्या सकाळी डबे परत यायला लागले, अर्थातच भरलेले, म्हणजे ते पुन्हा भरून देणं आलं. अप्पा वैतागल्याचं सोंग करत होते, पण बेल वाजली की दाराशी माझ्याआधी तेच.

अशात भाऊ आणि भावजय पोचले. त्यानं सामान भरायला रिकामी खोकी आणि चिकटपट्टी आणली होती. ती ठेवायला घरात जागाच नव्हती, म्हणून गॅलरीत गेली. "आलास? बरं झालं," अप्पा म्हणाले. "खाली जाऊन दोन किलो शेंगदाणे आण." आल्या पावली तो खाली गेला आणि परत आल्यावर मी त्याच्या हातात बत्ता दिला. पुण्याच्या कंपनीत तो मोठा साहेब आहे, पण लसूण ठेचताना त्याचे डोळे आमच्यासारखेच चुरचुरतात.

स्वयंपाक साधा केला होता. भाकरी, भरली वांगी, वरणभात. ताटं मांडली, अप्पांचंही मांडलं. ते ओट्यापाशीच घुटमळत होते. "तुम्ही बसा, मी वाढतो," त्यांचं चाललेलं. मी काही बोलणार, तेवढ्यात बेल वाजली.

समोरच्या दारातली बिहारी भाभी होती. नवरा तारापूरला कारखान्यात असतो. तिच्या हातात एक डबा होता, आणि ती तो पुढे करत नव्हती.

"अंकल, ये आंटी का डिब्बा है. होली में पूरनपोली भेजी थी. फिर आंटी बीमार हो गईं. खाली कैसे लौटाती? बाद में हिम्मत ही नहीं हुई. आज खीर बनाई है."

अप्पांनी डबा घेतला. झाकणावर आईचं नाव कोरलेलं होतं. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला तर हुंदकाच फुटला. भाभी 'सॉरी अंकल, सॉरी' म्हणत दारातच रडायला लागली. मग अप्पांनी नाक ओढलं आणि सगळ्यांवर एकदमच डाफरले, "रडताय काय? खीर गार होतेय. तूही बस, बेटा."

आणि ते बसले. आपल्या ताटावर, मांडी घालून. आईच्या डब्यातली खीर त्यांनी प्रत्येकाच्या वाटीत घातली, शेवटी स्वतःच्या घातली. वांगी दोनदा मागून घेतली आणि मीठ कमी पडलंय हेही सांगितलं. भाऊ माझ्याकडे बघत होता, मी भाकरीकडे बघत होते.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. गॅलरीतली खोकी आत आली खरी, पण ती अप्पांनी पुण्याला न्यायच्या फराळानं भरली. घर बंद करण्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. अप्पांच्या कपड्यांची बॅगही भरलेली नव्हती.

मी स्कूटीची किल्ली शोधत होते तेव्हा अप्पा आईचा डबा घेऊन आले. धुतलेला, पुसलेला, चटणीनं काठोकाठ भरलेला. तो त्यांनी माझ्या हातात ठेवला. "ही तुझी भाऊबीज समज. संक्रांतीला डबा परत आण. रिकामा नको."

भावानं उचललेलं खोकं खाली ठेवलं. "अप्पा, म्हणजे संक्रांतीला तुम्ही इथेच?"

"मग?" अप्पा म्हणाले. "एक डबा परत करायला ही बिचारी काय पुण्यापर्यंत येणार?"